शुगर असलेल्या अम्मींचा रोजा

नागपूरच्या ताजबागहून एका शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांची अम्मी ६६ वर्षांची, शुगर १५ वर्षांपासून. इन्सुलिन मिक्सचं, सकाळी २४ आणि संध्याकाळी १४ युनिट, सोबत ग्लिमेपिराइडची गोळी. शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.७. मागच्या रमजानमध्ये चौथ्या रोजाला असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) सुमारास त्या बाथरूममध्ये पडल्या. कपाळाला टाके पडले, तरी मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) पाण्याचा थेंब घेतला नाही. यंदा त्यांच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. अम्मींचं म्हणणं, "वो गैरमुस्लिम डॉक्टर हैं, उनको रोजे का क्या मालूम?" खाला (मावशी) म्हणतात, शुगर तपासायला बोट टोचलं की रोजा तुटतो. मुलगा विचारतो, मी कोणाचं ऐकू?

आधी सरळ उत्तर देते. यंदा अम्मींनी रोजे ठेवू नयेत. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. मी स्वतः रोजे ठेवणारी बाई आहे, नागपुरात २६ वर्षं शुगरचे रुग्ण पाहते आहे, आणि माझ्या आईच्या जागी त्या असत्या तरी मी हेच म्हटलं असतं.

कारण समजून घ्या, म्हणजे घरात बोलता येईल. इन्सुलिन शरीरातून बाहेर टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. क्रिएटिनिन १.७ म्हणजे या वयाच्या बाईची किडनी निम्म्यापेक्षाही कमी काम करते आहे. मग पहाटे सहरीला घेतलेलं इन्सुलिन दुपारी तीन-चारलाही अंगात रेंगाळत राहतं. ग्लिमेपिराइडचंही तेच, तीही अशा किडनीत साचते. पोटात काही नाही, औषध मात्र चालूच, म्हणून असरच्या वेळी साखर खाली येते. त्यात इतक्या वर्षांच्या शुगरनंतर घाम, थरथर, धडधड या धोक्याच्या खुणा बोथट होतात. माणूस चालता चालता थेट कोसळतो. तुमच्या अम्मी बाथरूममध्ये घसरल्या नव्हत्या, असं मला वाटतं. पडल्यावर साखर कोणी तपासली होती का? बहुधा नाही. आणि दिवसभर पाणी नसलं की या किडनीवर जो ताण येतो तो वेगळाच.

हा धोका फक्त तुमच्या घरातला नाही. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२,२४३ मुस्लिम मधुमेहींचा एपिडायर नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट वाढलेलं दिसलं, आणि साखर फार वर चढून दवाखान्यात जाण्याचं पाच पट. तरीही त्यांच्यातल्या ७९ टक्के लोकांनी कमीत कमी १५ रोजे ठेवले होते. हा शेवटचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक ठेवतात. डॉक्टर काहीही म्हणोत, ठेवतात.

हे मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोमिनपुऱ्यातल्या एक आजी रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्ये, माझ्याकडे आल्या. मी रिपोर्ट पाहिले आणि मान वर न करता म्हटलं, "नाही, रोजा नाही ठेवायचा." त्या "जी डॉक्टरनी" म्हणाल्या आणि गेल्या. अकराव्या रोजाला दुपारी चार वाजता त्यांच्या सुनेनं त्यांना रिक्षातून आणलं. अंग गार, ओढणी घामानं चिंब, हाताची मूठ घट्ट मिटलेली. शुगर निघाली ३८. शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत डोळे उघडले. मूठ सोडवली तर त्यात एक खजूर होता. घरी चक्कर यायला लागली तेव्हा सुनेनं हातात दिला होता. तोंडाकडे नेला नाही, मगरिबला अडीच तास आहेत म्हणून धरून बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "मेरा रोजा टूट गया क्या?"

मी "नाही" म्हटलं, त्यांनी माझ्यापासून लपवून रोजे ठेवले, आणि औषधाचा डोस मात्र रोजचाच घेतला, कारण डोस बदलायचं मला विचारलं असतं तर चोरी पकडली गेली असती. कोरडा नकार रुग्णाला एकटं पाडतो. तेव्हापासून मी अशा घरात मेडिकलची भाषा नंतर बोलते. आधी दीनची (धर्माची) बोलते, कारण त्या बाईला भीती शुगरची नसते, अल्लाहसमोर उभं राहायची असते.

म्हणून अम्मींशी बोलताना इथून सुरुवात करा. रोजे फर्ज (बंधनकारक) झाल्याचा हुकूम कुराणातल्या सूरह बकरहच्या १८३व्या आयतीत आहे. त्याच्या लगेच पुढच्या, १८४व्या आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे: इतर दिवशी गिनती पूर्ण करा, आणि ज्यांना झेपतच नाही त्यांनी मिस्कीनला (गरिबाला) जेवू घालावं. १८५व्या आयतीत आजाऱ्याची सूट पुन्हा एकदा आली आहे, आणि तिथेच म्हटलं आहे की अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू इच्छितो, अवघड नाही. हुकूम देणाऱ्यानंच ही रुखसत (सूट) दिली आहे. डॉक्टरांनी ती धर्माबाहेरून आणलेली नाही. अम्मींनी रोजा न ठेवणं म्हणजे बंदगीत कमी पडणं नाही, त्याच आयतींवर अमल करणं आहे. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं तर एक गोष्ट, मशिदीच्या इमामसाहेबांच्या तोंडून आलं तर अम्मींच्या मनाला जास्त लागेल. त्यांना घरी बोलवा, चहा पाजा, रिपोर्ट समोर ठेवा.

आणि ज्यांनी मागच्या वर्षी "हिंमत रखो, अल्लाह मालिक है" म्हणून अम्मींना थांबवलं नाही, त्यांना अबू दाऊद या संग्रहातली एक हदीस (पैगंबरांच्या वचनांची नोंद) सांगा. एका सफरीत एका सहाबीच्या (पैगंबरांच्या साथीदाराच्या) डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री गुस्ल (शुद्धीसाठी पूर्ण आंघोळ) वाजिब झाला. त्यांनी सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुम (पाण्याऐवजी मातीनं शुद्धी) चालेल का? सोबती म्हणाले, पाणी आहे, मग सूट नाही. त्यांनी आंघोळ केली आणि ते वारले. ही गोष्ट पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या कानावर गेली तेव्हा ते फार कडक बोलले. म्हणाले, यांनी त्याला मारलं. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणं हाच आहे. ही हदीस मी जेव्हा जेव्हा एखाद्या घरात सांगते, तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलत नाही.

आता गैरमुस्लिम डॉक्टरांचा मुद्दा. अम्मी हे आपल्या मनानं रचून बोलत नाहीत. हनफी फिकहच्या (आपल्याकडे बहुतेक जण पाळतात त्या धर्मशास्त्राच्या) जुन्या किताबांत खरोखर असं लिहिलं आहे की रोज्यामुळे आजार वाढेल ही भीती तीन मार्गांनी मानली जाते: स्पष्ट खुणा दिसणं, स्वतःचा तजुर्बा (अनुभव), किंवा हुशार, दीनदार मुस्लिम हकीमाचं सांगणं. पण आजचे बरेच मुफ्ती (धर्माचा निर्णय देणारे) जाणकार आणि भरवशाच्या डॉक्टरचं म्हणणं ग्राह्य धरतात, धर्म कोणताही असो. स्वतः पैगंबरांनी साद बिन अबी वक्कास रजि. यांना हारिस बिन कलदा या हकीमाकडे पाठवलं होतं, आणि हारिस यांनी इस्लाम स्वीकारला होता की नाही यावर उलमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत. हिजरतच्या वेळी मक्केहून मदिनेची वाट दाखवायला घेतलेला वाटाड्याही मुसलमान नव्हता. रस्ता माहीत असलेला आणि इमानी माणूस हवा होता, तो घेतला.

पण तुमच्या घरात इतकं लांब जायची गरजच नाही. त्या तीन मार्गांतला दुसरा पाहा, स्वतःचा तजुर्बा. अम्मी चौथ्या रोजाला पडल्या, टाके पडले. कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्या कपाळावर पुरावा आहे. त्यांना आरशासमोर न्या, मी गंभीरपणे सांगते आहे.

खालांचं म्हणणं मात्र चुकीचं आहे आणि धोक्याचंही. बोट टोचून थेंबभर रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही. तपासणीसाठी नसेतून रक्त दिल्यानंही तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शननं तुटत नाही, ते पोटात जात नाही आणि त्यातून पोषणही मिळत नाही. देवबंदी असोत की बरेलवी, सुई घेतल्यानं रोजा जात नाही हे आपल्याकडचे बहुतेक उलमा मान्य करतात. दम्याच्या पंपाबद्दल तसं नाही, आपल्याकडचे बहुतेक हनफी मुफ्ती त्यानं रोजा तुटतो असं सांगतात, अरब देशांतले काही उलमा तुटत नाही म्हणतात. तेव्हा दमेकऱ्यांनी आपल्या आलिमना विचारावं, आणि धाप लागली तर आधी पंप घ्यावा, नंतर विचारावं. बोट टोचायला मनाई करणारे लोक नकळत रुग्णाचे डोळे बांधतात. रोज्यात सहरीपूर्वी, सकाळी दहाच्या सुमारास, दुपारी, असरच्या वेळी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी तपासायला हवं. सगळं जमलं नाही तर निदान असरची तपासणी चुकवू नका.

घरात इतरही शुगरवाले असतील, अब्बू असतील, तुम्ही स्वतः असाल. ज्यांची शुगर ताब्यात आहे, किडनी-हृदय ठीक आहे, इन्सुलिन नाही किंवा थोडं आहे, अशा कितीतरी लोकांचे तीसही रोजे मी दरवर्षी सुखरूप पार पडताना पाहते. फक्त तयारी आधी लागते. लोक शब-ए-बरातनंतर येतात, तेव्हा हातात पंधरा दिवस उरतात. रमजानच्या दोन महिने आधी, रजबचा चाँद दिसला की या. सहा ते आठ आठवडे मिळाले तर गोळ्या बदलून पाहता येतात, एक-दोन नफली (ऐच्छिक) रोजे ठेवून साखर कशी वागते ते कळतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या मार्गदर्शनात गुणांकन आहे. वय, किडनी, इन्सुलिन, आधी साखर खाली गेली होती का, यांचे गुण मिळवायचे. तीनपर्यंत कमी धोका, सहाच्या वर जास्त. अम्मी त्यात बऱ्याच वर निघतील.

औषधांचं ढोबळ गणित सांगते, पण तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. मेटफॉर्मिन रोज्यात चालते, दिवसातून तीनदा असेल तर दोन वेळचा डोस इफ्तारला आणि एक सहरीला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी एकदाच असेल तर इफ्तारला, सहरीचा डोस असेल तर कमी करून. ग्लिबेनक्लामाइड जुन्या लोकांकडे अजून निघते, ती रमजानपूर्वीच बदलून घ्या. लघवीतून साखर काढणाऱ्या नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, रमजानच्या तोंडावर नव्यानं सुरू करू नयेत, अंगातलं पाणी कमी होतं.

सगळ्यात मोठी गफलत मिक्स इन्सुलिनमध्ये होते. लोक "सकाळचा" डोस सहरीला आणि "संध्याकाळचा" इफ्तारला घेतात, घड्याळ पाहून. पण रमजानमध्ये दिवस उलटा झालेला असतो, मोठं जेवण संध्याकाळी आणि त्यानंतर रात्र खाण्यापिण्याची. म्हणून सकाळचा मोठा डोस इफ्तारला सरकवायचा आणि सहरीला संध्याकाळच्या डोसाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे २४ आणि १४ घेणारा धडधाकट माणूस इफ्तारला २४ आणि सहरीला ७ घेईल. मागच्या वर्षी अम्मींनी सहरीला किती घेतलं होतं, विचारा. २४ घेतलं असेल, अशी मला भीती आहे. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून डोस परत जुन्या जागी आणायचे असतात, तेही लोक विसरतात.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा ताबडतोब तोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. ३०० च्या वर गेली तरी तोडायचा. आकडा काहीही असो, बोलणं अडखळलं, चक्कर आली, घाम फुटला, तरी तोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, खजुरापेक्षा ती लवकर चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. तोंडाच्या कोपऱ्यातून सरबत पाजताना माणसं गुदमरलेली मी पाहिली आहेत. थेट मेडिकल किंवा मेयो, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा.

आजारामुळे तोडलेल्या रोज्याचा कफ्फारा (प्रायश्चित्त) नसतो. साठ रोजे लागतील या धास्तीनं लोक शेवटचा अर्धा तास ताणतात. कफ्फारा कारण नसताना मुद्दाम तोडणाऱ्याला आहे. इथे फक्त एका रोज्याची कजा, म्हणजे तो नंतर कधी भरून काढायचा, बस्स.

खाण्याचं थोडं बोलते, कारण रमजानमध्ये शुगर खाली जाते तशी चढतेही, आणि चढते ती इफ्तारच्या दस्तरखानावर. मोमिनपुऱ्यात संध्याकाळी तेलाच्या कढया, समोसे, भजी, लाल सरबताचे ग्लास, रात्री फेणी आणि खजला. मी कुणाला बाजारात जाऊ नका म्हणत नाही, रमजानची ती रौनक मलाही प्रिय आहे. एक खजूर, साधं पाणी, मग मगरिबची नमाज, आणि परत येऊन जेवण, एवढा क्रम पाळला तरी अर्धं काम होतं. किडनीचा त्रास असेल तर खजूर एकाच्या वर नको, त्यात पोटॅशियम असतं. सहरी टाळू नका आणि ती उशिरा करा, सुन्नतही तीच आहे. दूध-फेणीची सहरी दहा वाजेपर्यंतही टिकत नाही. ज्वारीची भाकर, डाळ किंवा पिठलं, एक अंडं, वाटीभर दही, हे दुपारपर्यंत साथ देतं. तरावीहची (रमजानमधली रात्रीची लांब नमाज) वीस रकात चांगला व्यायाम आहे, वेगळं फिरायला जाऊ नका, आणि असरनंतर तर अजिबात नाही.

आता अम्मींच्या रोज्यांचं काय. २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात होता, नागपुरात पारा ४५ च्या पुढे आणि रोजा साडेचौदा तासांचा. दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकत तो आता थंडीकडे आला आहे, रोजा तेरा तासांवर. तरी त्यांच्या किडनीला हेही जड आहे. शुगर ताब्यात आली, इन्सुलिन बदलता आलं आणि पुढे डिसेंबरचे छोटे रोजे झेपतील अशी आशा असली तर त्यांच्यावर कजा आहे. तशी आशा उरली नसेल तर फिदिया. तो एका रोज्याला एका सदका-ए-फित्राइतका (ईदच्या आधी द्यायच्या दानाइतका) असतो, मशिदीत फित्र्याची जी रक्कम जाहीर होते तीच, किंवा एका मिस्कीनला दोन वेळचं पोटभर जेवण. दोन्हींपैकी त्यांना काय लागू आहे हे मी ठरवणार नाही. माझी चिठ्ठी घेऊन मुफ्तींकडे जा, त्यात किडनी पुन्हा सुधारण्याची शक्यता किती हे मी साफ लिहून देते. माझं काम तिथवर.

फिदिया देताना एक करा. पैसे तुम्ही परस्पर भरून टाकू नका, अम्मींच्या हातानं द्या. मूठ मिटून आलेल्या त्या आजी पुढे आठ वर्षं जगल्या. रमजानमध्ये सुनेला बाजूला सारून त्या स्वतः खिचडा शिजवायच्या आणि गल्लीतल्या दोन घरांत रोज पोचवायच्या. सहरीला सगळ्यांना उठवायच्या, दस्तरखानावर सोबत बसायच्या, मग नऊ वाजता आपला नाश्ता आणि इन्सुलिन घ्यायच्या. आड खोलीत लपून खायच्या नाहीत. घरच्यांनी त्यांना तसं वाटू दिलं नाही. अम्मींना रोजा नसल्याचं दुःख होईल, ते होणारच, आयुष्यभराची सवय आहे. पण घरात त्या रमजानच्या बाहेर पडल्या असं होऊ देऊ नका.

एवढं समजावूनही त्या ठेवणारच म्हणाल्या तर भांडू नका. मला किंवा त्यांच्या डॉक्टरांना खरं सांगा. ठेवू नका हे मी पुन्हा सांगेनच, पण डोस कमी करून देईन, असरला कोणी शुगर तपासायची ते ठरवून देईन आणि पहिल्या रोज्याच्या दुपारी स्वतः फोन करेन. चोरून ठेवलेल्या रोज्यापेक्षा माझ्या नजरेसमोरचा बरा.

येताना ग्लुकोमीटर आणा, त्यात जुने आकडे साठलेले असतात. इन्सुलिनची पेन, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, क्रिएटिनिनचे गेल्या वर्षभरातले रिपोर्ट. आणि अम्मींना सोबत आणा, फक्त फाइल घेऊन तुम्ही एकटे येऊ नका. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.